मोठं दुःख काही नाही, तरी झोपेत दात खाते. काय करू?

सिडकोवाली (13 तारीख, रात्री 11:40)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दोन आठवड्यांपूर्वी दाढ ठणकत होती म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. मला वाटलं कीड असेल. त्यांनी आरसा फिरवून पाहिलं आणि विचारलं, "झोपेत दात खाता का?" मी म्हटलं, छे! शेजारी नवरा उभा होता. तो म्हणाला, "खाते ना. जात्यात ज्वारी भरडल्यासारखा आवाज येतो." सहा महिने ऐकतोय, एकदाही बोलला नाही! दाढांचे उंचवटे घासून सपाट झालेत ते डॉक्टरांनी दाखवलं, रात्री घालायला गार्ड करून देतो म्हणाले आणि जाता जाता विचारलं, "टेन्शन कसलं आहे?"

मला उत्तरच देता येईना. घरी सासूबाईंना विचाराल तर जंत झालेत, वावडिंग घे.

वय 41. नाशिकला पवननगरात राहते, कॅनडा कॉर्नरला एका कर सल्लागारांकडे अकाउंटचं काम बघते. नवरा अंबडला कंपनीत, दर आठवड्याला पाळी बदलते. मुलगा दहावीला. सासूबाईंना शुगर आहे, पण स्वभावाने गोड आहेत (हा विनोद त्यांचाच). कर्ज आहे, पण हप्ता जातो. कुणी आजारी नाही, कुणी भांडत नाही. मग टेन्शन आहे असं कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्या मावसभावाची नोकरी गेली, त्याला म्हणतात टेन्शन.

आणि तरीही महिना असा जातो: 7 ला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र), 14 ला 2बी (खरेदीवरच्या जीएसटीची यादी) बघायचं, 20 ला 3बी (महिन्याचं जीएसटी विवरणपत्र). खरेदीची बिलं क्लायंट लोक 19 च्या रात्री व्हॉट्सॅपवर टाकतात, तीही तिरकी काढलेली, एका फोटोत अंगठा. घरी येताना त्रिमूर्ती चौकाच्या सिग्नलला गाडीवर बसूनच मनात भाजी ठरते. नवरा पहिल्या पाळीला असला की डबा साडेपाचला, तिसऱ्या पाळीला असला की दिवसा घरात कुकरची शिट्टी वाजू द्यायची नाही. रात्री पडल्या पडल्या झोप लागते, पण साडेतीनला टक्क जाग येते आणि आठवतं काय, तर कोबी चिरायचा राहिलाय. कोबी! त्यावर तास जातो. दिवसा मुलावर खेकसते, मग वाईट वाटतं, मग त्याला पास्ता करून देते.

तर विचारायचं हे, की असं काहीच झालेलं नसताना ताण असू शकतो का? आणि असेल तर वेळ नसलेल्या माणसाने काय करायचं? गोल्फ क्लबवर पहाटे चालायला जा असं कृपया सांगू नका. पहाटे पाच ते सात माझे हात कणकेत असतात.

जुना भिडू (14 तारीख)

अनुलोम-विलोम, फोन बंद आणि नामस्मरण. सगळे मनाचे खेळ आहेत ताई, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

सिडकोवाली (14 तारीख)

मनाचे खेळ असते तर दाढ झिजली नसती हो काका. पण फोनचं पटलं.

रात्रपाळी (14 तारीख)

मी डॉक्टर नाही. एका हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात बरीच वर्षं नर्स होते, त्यावरून लिहिते.

असू शकतो. ताणाला दुःख लागतच नाही. अंगावर कुत्रं आलं की अॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, जबडा-खांदे आवळतात. कुत्रं गेलं की थोड्या वेळात सगळं खाली बसतं. तुमच्याकडे 7 चं कुत्रं गेलं की 11 चं येतं, ते गेलं की 20 चं. हान्स सेली या शास्त्रज्ञाने 1936 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं की थंडी असो, जखम असो की विषारी औषध, शरीर सुरुवातीला एकाच ठरावीक पद्धतीने उठतं. तुमच्या जबड्यालाही समोर 3बी आहे की कुत्रं, हे कळत नाही. आणि मावसभावाशी तुलना कशाला? त्याची नोकरी गेली म्हणून तुमची दाढ काही भरून येणार नाही.

साडेतीनचं म्हणाल तर पहाटेकडे झोप हलकी होते आणि कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, आपसूक चढायला लागतं. म्हणून तेव्हा कोबीसुद्धा डोंगराएवढा दिसतो. त्या वेळी काही ठरवायचं नाही, घड्याळही बघायचं नाही. उशाशी कागद ठेवा, "कोबी" लिहा आणि कूस बदला.

आता जबडा. आत्ता वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का बघा. टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे. दिवसा आवळण्याची सवय मोडायला हे फार उपयोगी पडतं. वेगळा वेळ काढायला नको, सिग्नल लाल झाला की तपासायचं. तिथेच चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं की धडधड उतरते. गार्ड जरूर करून घ्या, पण ते दात वाचवतं, दात खाणं थांबवत नाही. जंतांचा संबंध नाही, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

चहा किती होतो? संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं साधारण निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. तुम्ही घोरता का, सकाळी डोकं जड असतं का, हेही नवऱ्याला विचारा, तो आवाजांचा जाणकार दिसतो. झोपेत श्वास अडकणाऱ्यांतही दात खाणं दिसतं. नैराश्याची काही औषधं घेणाऱ्यांतही दिसतं, तसली गोळी चालू असेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या.

एक मात्र गंभीरपणे. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर इथे लिहीत बसू नका. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडीही आहे. आणि छातीत दाटून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर "टेन्शन असेल" म्हणून घरी थांबायचं नाही.

सिडकोवाली (14 तारीख)

वाचताना दात टेकलेलेच होते. चहा सहा कप, शेवटचा साडेसहाला. घोरण्याचं विचारलं, "तू नाही, मी घोरतो" म्हणाला. रडू वगैरे नाही, चिडचिडच आहे.

द्राक्षबाग (15 तारीख)

ताई, मी निफाडकडचा, चार एकर बाग आहे. आमचं असं की फुलोऱ्यात ढग आले की डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची) भीती, मणी गोड झाल्यावर पाऊस आला की तडे. मी रात्री दोनला उठून हवामानाचं अॅप उघडायचो. बघून पाऊस थांबत नाही हे बायको चार वर्षं सांगत होती. आता दोनदाच बघतो, सकाळी फवारणी ठरवायला आणि दिवेलागणीला. मधे डोक्यात काही आलं की खिशातल्या वहीत टाकतो आणि संध्याकाळी वाचतो. निम्म्या गोष्टी तोवर शिळ्या झालेल्या असतात. बाकीच्या निम्म्यांचं टेन्शन राहतंच, खोटं कशाला बोलू.

पण तुमचा 19 तारखेचा पाऊस माणसं पाडतात. त्यांना सांगून बघितलं का कधी?

सिडकोवाली (20 तारीख, रात्री 10:15)

नाही सांगितलं होतं. नऊ वर्षांत कधीच नाही, हे तुमचं वाचून लक्षात आलं. साहेबांना विचारून 16 ला सगळ्या क्लायंटना मेसेज टाकला: 17 नंतर आलेल्या खरेदीच्या बिलांचं क्रेडिट (जीएसटीतली वजावट) पुढच्या महिन्यात धरलं जाईल. पाठवताना हात थरथरत होता, हसू नका.

बहुतेकांनी अंगठा टाकला. दोघांनी तर 17 च्या दुपारीच बिलं दिली, सरळ काढलेले फोटो. एकाने काल रात्री सव्वाअकराला चौदा बिलं टाकली आणि खाली लिहिलं, "मॅडम एवढ्या वेळी करून घ्या." मी फोन पालथा ठेवला आणि दात तपासले. टेकलेले होते.

त्याची बिलं अजून उघडलेली नाहीत. संध्याकाळचा चहा बंद केलाय. जाग अजून येते, पण आज सकाळी उशाच्या कागदावर फक्त "गॅस नंबर लावणे" एवढंच होतं. गार्ड शनिवारी मिळणार आहे. रात्रपाळी ताई, ते गार्ड घालून बोलता येतं का? नवरा फार आशेने विचारतोय.