द्विअपवर्तन, द्विअपवर्तकता आणि स्फटिकांचे संकल्पन

विचारणा : ‘तीव्र द्विअपवर्तनाच्या असेंद्रिय स्फटिकांची रचना’ हा शब्दप्रयोग योग्य आहे का? ‘द्विअपवर्तन’ आणि ‘द्विअपवर्तकता’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर : माझ्या मते चालू नयेत, कारण पहिला शब्द घटनेचा आहे आणि दुसरा गुणधर्माचा. कॅल्साइट या खनिजाचा स्वच्छ तुकडा छापील अक्षरावर ठेवला की एकाची दोन अक्षरे दिसतात. तुकडा कागदावरच हळूहळू फिरवला तर एक अक्षर जागच्या जागी राहते आणि दुसरे त्याच्याभोवती फिरते. स्फटिकात शिरलेल्या प्रकाशकिरणाचे दोन किरण होतात : स्थिर राहते ते अक्षर सामान्य किरणाचे, फिरते ते असामान्य किरणाचे. रास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये आइसलँडमधील स्फटिकांत वर्णिलेली ही घटना म्हणजे द्विअपवर्तन. द्विअपवर्तकता मात्र आकड्याने सांगायची असते : सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात कॅल्साइटचे दोन अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो ते सांगणारे आकडे) १.६५८ आणि १.४८६ आहेत, म्हणजे फरक ०.१७२, क्वार्ट्झमध्ये तो जेमतेम ०.००९ भरतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ इतका मोठा, पण त्याची जडण घनीय, म्हणजे तिन्ही अक्षांवर सारखी असल्याने आदर्श हिऱ्यात द्विअपवर्तकता नसतेच. त्यामुळे ‘तीव्र’पेक्षा ‘उच्च द्विअपवर्तकता’ म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

‘रचना’ या शब्दाला माझा खरा आक्षेप आहे. स्फटिकरचना म्हणजे अणूंची मांडणी, आणि या विषयात सगळे काही तिच्यावरच अवलंबून असते; त्यामुळे ‘रचना’ म्हटले की स्फटिक तयार करण्याची योजना नव्हे, तर ही मांडणीच समजली जाते. कॅल्साइटमधले कार्बोनेट गट सपाट, त्रिकोणी आणि परस्परांना समांतर असतात. त्यांच्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत्क्षेत्राला त्या प्रतलात जितका प्रतिसाद देतात तितका लंब दिशेने देत नाहीत, म्हणून दोन अपवर्तनांकांत अंतर पडते. नवे स्फटिक शोधणारे संशोधक बोरेट, नायट्रेट यांसारखे सपाट गट निवडतात आणि ते एकाच प्रतलाला धरून राहतील अशी जुळणी करू पाहतात, कारण गट वेगवेगळ्या दिशांना कलले की परिणाम आपसांत कटतो. शिसे किंवा कथिल यांच्या आयनांवरील एकाकी (बंधात भाग न घेणाऱ्या) इलेक्ट्रॉन-जोडीचाही उपयोग होतो, मात्र तिच्यामुळे बहुधा अतिनील प्रकाशातील पारदर्शकता कमी होते. रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाची द्विअपवर्तकता ०.२८७ असूनही अतिनील प्रकाशासाठी ते निरुपयोगी ठरते. तेथे सुमारे १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक असलेले अल्फा-बेरियम बोरेट सुमारे ०.१२ वरच चालवून घेतात.

ही सारी निवड आधी विचारपूर्वक ठरवली जाते, म्हणून तिला ‘संकल्पन’ म्हणावे आणि वाक्य असे लिहावे : ‘उच्च द्विअपवर्तकतेच्या असेंद्रिय स्फटिकांचे संकल्पन’.