मदत हवी आहे : ध्रुवमोहीम आणि मुलांचे शब्द (सोमवारच्या आत!)

गच्चीवरची : मंडळी, जरा घाई आहे. सोमवारपासून मुलांची ध्रुवीय मोहीम सुरू करतेय. पस्तीस शब्द काढलेत, तक्ता झाला, कागदी पेंग्विनही कापून झाले. मागच्या आठवड्यात समुद्र घेतला होता, तेव्हा शब्द धडाधड म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी पाटी कोरी. या वेळी तसं नकोय. काय करू? गुगल कर म्हणू नका, केलंय.

तर्रीपोहे : मुलं केवढी? शब्द मराठी की इंग्रजी? शाळा की शिकवणी?

निवृत्त मास्तर : रोज दहा शब्द, प्रत्येकी पाच वेळा लिहून घ्या. मी अठ्ठावीस वर्षं हेच केलं.

तर्रीपोहे : सर, तुमचे विद्यार्थी आम्हीच. हात दुखल्याचं तेवढं आठवते.

गच्चीवरची : तिसरी-चौथीची बारा मुलं, नागपुरात मानेवाड्याला आमच्या गच्चीवर उन्हाळी वर्ग, सकाळी साडेसहाला. शब्द मराठीच. हिमनग, हिमनदी, शिधा, पडाव, होकायंत्र असे.

वाळ्याची ताटी : मोहीम कोणत्या ध्रुवावर? तक्त्यात पेंग्विनजवळ पांढरं अस्वल तर नाही ना?

गच्चीवरची : आहे. दोघं एकाच इग्लूत बसलेत.

वाळ्याची ताटी : मग मोहीम सुरू व्हायच्या आधीच बुडाली. अस्वल आणि इग्लू उत्तरेकडचे, तिथे मधोमध गोठलेला समुद्र. दक्षिणेला अख्खा खंड, अस्वल औषधालाही नाही. 'आर्क्टिक' हा शब्दच मुळात ग्रीक अस्वलावरून आलाय. एकच ध्रुव धरा, निम्मे शब्द आपोआप गळतील.

तर्रीपोहे : दक्षिणच घ्या ताई, गोष्ट तयार आहे. नॉर्वेचा अमुंडसेन आणि इंग्लंडचा स्कॉट, दक्षिण ध्रुवावर आधी कोण पोचतो याची शर्यत. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला पोचला, स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला. अमुंडसेन गाड्या ओढायला बावन्न कुत्रे घेऊन निघाला, परत आले अकरा.

निवृत्त मास्तर : बाकीच्यांचं काय झालं हे चौथीतलं पोरगं विचारणारच. खाल्ले म्हणून सांगणार का?

तर्रीपोहे : शिधा म्हणजे काय, ते मात्र कधीच विसरणार नाही.

मिहानचा मामा : अंटार्क्टिकाला जायचं असेल तर शास्त्रज्ञच असावं लागतं असं नाही. मैत्री आणि भारती या आपल्या केंद्रांवर डॉक्टर, स्वयंपाकीही लागतात.

गच्चीवरची : मामा, मला जायचं नाहीये. मला पस्तीस शब्द पोचवायचेत.

लिंबू-काला खट्टा : माझी मुलगी दुसरीत. तिच्या बाईंनी केलं ते सांगते. गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणा, भुश्यात गुंडाळून, नाहीतर नवतप्याच्या उन्हात जिना चढेपर्यंत पाणी. एकेका मुलाने तळहातावर तुकडा धरायचा आणि सोसेल तेवढा वेळच काय होतंय ते बोलायचं. आधी 'गार', मग 'गारठला', मग 'झिणझिण्या', शेवटी 'बधिर'. आमची कार्टी अजून गृहपाठ केला की हात बधिर झाला म्हणते. शिवाय बादलीत मोठा तुकडा टाका, नऊ हिस्से पाण्याखाली, एक वर. हिमनग झाला. मात्र तो समुद्राच्या पाण्याचा नसतो, हिमनदीचा तुटलेला तुकडा असतो, हे जरूर सांगा. आणि मुलांनाच विचारा, बर्फ विरघळतो का वितळतो.

तर्रीपोहे : विरघळतो, काय फरक आहे?

लिंबू-काला खट्टा : आहे ना भाऊ. साखर विरघळते, बर्फ वितळतो. पाणी गोठतं, खोबरेल थिजतं. दोन्हीच्या बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवा, फरक दिसेल.

निवृत्त मास्तर : हे मान्य. पण हे सगळे पाच वेळा लिहून घ्यायला काय हरकत आहे?

वाळ्याची ताटी : आमच्या कूलरचं पाणी गोठेल का कधी? ताट्या बदलून कंटाळलो.

गच्चीवरची : आज तालीम म्हणून तिघांना बोलावलं. पहिलाच म्हणाला, "मॅडम, बरफ पिघलून राहिला." आता काय? निम्म्यांच्या घरी हिंदी बोलतात, हे सांगायचंच राहिलं.

तर्रीपोहे : हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो!

लिंबू-काला खट्टा : चूक म्हणू नका. 'पिघलला'च्या शेजारी 'वितळला' लिहा, जोडीने राहू द्या. आणि 'हिम' त्यांच्याकडे आधीच आहे. हिवताप कोणाला झालाय विचारा. हिव, हिवाळा, हिवताप, हिमालय, हिमनग, ओळ लावा. हुडहुडी तर मराठी न येणाऱ्यालाही ऐकून कळते.

गच्चीवरची : हिवतापाला चौघांनी हात वर केले, एकाने तर दात कसे वाजत होते तेही करून दाखवलं. पस्तीसमधून एकोणीस शब्द ठेवले. पडाव गच्चीवरच, बर्फावरच्या स्लेज गाडीऐवजी गव्हाचं रिकामं पोतं, त्यावर शिधा आणि सर्वांत लहान मुलगी. लादीवाल्याला सहाची वेळ दिलीय. अस्वल काढून टाकलं. एक कागदी इग्लू उरलाय, कोणाला हवा असेल तर घेऊन जा.

मिहानचा मामा : मी घेतो. पण भारती केंद्र २०१२ चं आहे, ते तरी तक्त्यात लावा.