उसाच्या पट्ट्यावर हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर?

उजळाईवाडीकर:
एका इंजिनाचं हेलिकॉप्टर, जमिनीपासून हजार फूट वर, खाली शिरोळकडचा सगळा ऊस. इंजिन गेलं. पायलटकडे वेळ किती आणि तो करतो काय? कट्ट्यावर सगळे म्हणतात, दगडासारखं येतंय. मला पटत नाही.

फ्रीव्हील:
दगडासारखं येत नाही, पण पहिल्या एक-दोन सेकंदांत हात चालला नाही तर येतं. इंजिन आणि पंख्यामध्ये एकाच दिशेला पकडणारा क्लच असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. इंजिन थांबलं तरी पंखा मोकळा फिरतो. डाव्या हातातला कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) लगेच खाली दाबायचा. पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारी हवाच पंखा फिरवते. हे ऑटोरोटेशन. शेपटीचा पंखा मुख्य गिअरबॉक्सवरच चालतो, त्यामुळे नाक वळवता येतं.

रॉबिन्सन आर-४४ या एका इंजिनाच्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये पंख्याचे फेरे ९७ टक्क्यांवर घसरले की भोंगा वाजतो. वेग ७० नॉट (ताशी साधारण १३० किमी) धरायचा. मिनिटाला दीड हजार फूट उतरलं तर हजार फुटांना ४० सेकंद. साधारण ४० फुटांवर नाक उचलून वेग कमी करायचा, ८ फुटांवर सरळ करायचं आणि टेकायच्या आधी कलेक्टिव्ह ओढायचा. ही शेवटची ओढ एकदाच मिळते. आधी ओढली तर पंखा मंदावतो आणि मग खरंच आदळतं.

माळावरचा:
शंभर-दोनशे फुटांवर एका जागी थांबलेलं असेल तर यातलं फारसं काही जमत नाही; पुढचा वेगही नाही, उंचीही नाही.

शिवाय एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांत उजळाईवाडीची हवा ५२०० फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते (तिथलं कोल्हापूर विमानतळच समुद्रसपाटीपासून २००० फुटांवर). त्यात उतरण्याचा दर आणि जमिनीवरचा वेग दोन्ही वाढतात.

उजळाईवाडीकर:
आणि शेपटीचा पंखाच तुटला तर?

फ्रीव्हील:
ते जास्त वाईट. आर-४४ मध्ये नाक उजवीकडे फिरतं. जाता जाता झालं तर लगेच ऑटोरोटेशन, जमलं तर ७० नॉट सोडायचे नाहीत, आणि उतरताना थ्रॉटल बंद. इंजिन पंखा फिरवताना हेलिकॉप्टरला बसणारा उलटा पीळ संपला की फिरणं थांबतं. शेपटीच्या पंख्याचं पेडल नुसतं अडकलं असेल तर वेगळा उपाय, तिथे इंजिन चालू ठेवून धावपट्टीवर घसरत उतरता येतं. गिअरबॉक्सचा चिप दिवा लागला म्हणजे तेलातल्या चुंबकाला धातूचा कण चिकटलाय. सोबत आवाज किंवा थरथर असेल तर समोर दिसेल त्या जागेवर उतरायचं, विमानतळाचा मोह नको.

माळावरचा:
जागा निवडताना तोडणी झालेलं रान बघावं. वाऱ्याची दिशा गुऱ्हाळाच्या धुरावरून कळते, तोंड वाऱ्याकडे. बांधावरच्या शेतीपंपाच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधायचे. उभ्या उसातच जायची वेळ आली तर शेंड्यांनाच जमीन समजून तिथे वेग शून्य करायचा.