मदत हवी आहे: भूमिपूजनाचं महापौरांचं भाषण

मंडळी, महापालिकेच्या नव्या मुख्यालयाच्या भूमिपूजनासाठी महापौरांचं सहा मिनिटांचं भाषण लिहायचं आहे. माइकवर मिनिटाला शंभरेक शब्द धरले तर ६०० शब्द. त्यात मान्यवरांची नावंच दीड-दोन मिनिटं खातात, तीही सूत्रसंचालकाने आधी घेतलेली! महापौरांनी पालकमंत्री, आमदार-खासदार आणि आयुक्त एवढीच नावं घेऊन बाकीच्यांना ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ म्हटलं तर चालतं का? गटनेते रुसतात का?

खरी अडचण मुदतीच्या वाक्याची. ठेकेदाराची मुदत कार्यारंभ आदेशापासून मोजतात, नारळ फोडल्यापासून नाही. शिवाय निविदेत ‘पावसाळा वगळून’ असेल तर दोन वर्षांच्या कामात सरळ आठेक महिने वाढतात. मंचावरून तारीख दिली की तीच पुढे सभागृहात अंगावर येते. तारीख टाळून पाया, आरसीसी, फिनिशिंग असे टप्पे सांगावेत का? कोणाकडे नमुना असेल तर द्या.

सुरुवातीला मुंबई महापालिकेचा दाखला घेतलाय: कोनशिला १८८४ साली लॉर्ड रिपन यांच्या हस्ते, बांधकाम सुरू १८८९, पूर्ण १८९३. विरोधक नेमका हाच पाच वर्षांचा खंड उचलतील. ठेवू की काढू?