मर्डर ड्रोन्स: व्ही उझीवर खरंच जळते का? (स्पॉयलर आहेत, जपून)

रातकिडा

मर्डर ड्रोन्स या यूट्यूबवरच्या अ‍ॅनिमेशन मालिकेचे आठही भाग परत एकदा सलग बघून काढले आणि एक प्रश्न डोक्यातून जातच नाहीये म्हणून धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉपर नाइन नावाचा बर्फाळ ग्रह आहे, तिथली सगळी माणसं मेलीत, मागे उरलेत त्यांनी कामाला ठेवलेले छोटे वर्कर ड्रोन, आणि त्या वर्करना मारायला कंपनीने पाठवलेले (निदान आधी तसंच वाटतं) पंखवाले, शेपटीत विषारी सुई असलेले मारेकरी ड्रोन. उझी ही वर्कर, शाळकरी, सतत चिडलेली. एन हा मारेकरी पण स्वभावाने अगदी गरीब. दोघांचं जमतं. आणि मधे आहे व्ही, एनच्याच तुकडीतली, हसत हसत वर्कर फाडणारी.

तर यूट्यूबवर कुठलीही क्लिप उघडा, खाली हेच, व्ही जळते, व्हीला उझी सहन होत नाही, तिला एन हवाय. चौथ्या भागात कॅम्पवर उझीचं रूप पालटतं तेव्हा व्ही सरळ तिला संपवायला निघते आणि एन मधे उभा राहतो, तो सीन तर लोक पुरावा म्हणून दाखवतात. पण मला काही हे पटत नाही, म्हणजे जळफळाट दिसतो हे खरंय पण मग पहिल्या भागात काय, तिथे तर एनलाच व्ही आवडत असते आणि ही त्याच्याकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही. ज्याला इतकी वर्षं विचारलं नाही तो दुसरीचा झाला म्हणून एकदम पोटात दुखायला लागलं, इतकंच आहे का हे? तुम्हाला काय वाटतं? मला मनापासून जाणून घ्यायचंय कारण माझं सगळ्यात आवडतं पात्र तीच आहे.

काजळमाया

साधं आहे रे. हातातलं गेलं की किंमत कळते. माणसांत होतं तसंच इथे. फार खोलात जायची गरज नाही, वीस वीस मिनिटांचे आठ भाग आहेत, त्यात मारामारी एवढी, प्रेमाचा त्रिकोण दाखवायला जागा होती कुठे, त्यांनी चार नजरा दाखवल्या आणि सोडून दिलं.

अष्टपैलू_अवनी

काजळमाया, नाही पटलं. पाचवा भाग विसरलीस तू. सगळ्याचं उत्तर तिथे आहे आणि तो भाग लोक फक्त भयपट म्हणून बघतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यात उझी एनच्या आठवणींमधे शिरते आणि आपल्याला पृथ्वीवरचा तो जुना वाडा दिसतो, एलियट मॅनर. टेसा नावाची श्रीमंत घरातली मुलगी, तिने भंगारात टाकलेले ड्रोन उचलून घरी आणलेले, त्यात जे (हीच पुढे एन-व्हीच्या तुकडीची प्रमुख), एन, व्ही आणि ती सिन नावाची ड्रोन. तिथली व्ही कशी आहे बघ, चष्मा लावणारी, घाबरट, मोलकरणीच्या कपड्यातली, एन समोर आला की लाजून चूर होणारी. म्हणजे प्रेम आधी तिचंच होतं! एन तेव्हा नोकराच्या वेशात, सगळ्यांशी गोड बोलणारा, आज आहे तसाच. मग त्या मेजवानीत सिन सगळ्यांना कापून काढते, आणि पुढे ह्याच बिचाऱ्या नोकरांना पंख आणि ब्लेड लावून मारेकरी करते.

आता मुद्दा. एनच्या आठवणी पुसल्या गेल्यात. व्हीला आठवतंय. सगळं नसेल पण पुरेसं आठवतंय. आणि ती ते कुणाला सांगत नाही, उझी खोदून खोदून विचारते तरी नाही. तुझा पहिल्या भागाचा प्रश्न यातच सुटतो बघ रातकिडा, ती एनकडे ढुंकून बघत नाही कारण जवळ गेली तर त्याला काहीतरी आठवेल, आठवलं तर तो सिनच्या नजरेत येईल, म्हणून ती स्वतःहून वाईट झाली. क्रूर हसणं, वर्करना हालहाल करून मारणं, हे सगळं अंगावर चढवलेलं आहे असं मला वाटतं, आणि इतकी वर्षं चढवून ठेवलं की त्यातलं थोडं खरंही झालं असणार, ते मी नाकारत नाही, डॉलच्या (उझीच्या शाळेतली ती दुसरी वर्कर) आईबापाला तिने मारलं ते काही नाटक नव्हतं.

अशा मुलीसमोर एक उझी येते. तिला काहीच माहीत नाही, ती एनशी भांडते, त्याला शिव्या घालते, आणि तो तिच्यामागे खुशाल हिंडतो. जे व्हीने त्याला वाचवण्यासाठी सोडलं ते हिला फुकटात मिळालं. याला मत्सर म्हणायचं असेल तर म्हण, पण हा मत्सर उझीला एन मिळाला म्हणून नाहीये, उझीला काही लपवायला लागत नाही म्हणून आहे. तिला मोकळेपणा मिळालाय, तो व्हीला नाही.

आणि कॅम्पचा सीन म्हणशील तर उझीच्या आत जे जागं झालंय ते तेच आहे ना, तोच सॉल्व्हर, ड्रोनच्या अंगात शिरून त्यांना ताब्यात घेणारा प्रोग्रॅम, ज्याने सिनच्या आडून वाडा खाल्ला आणि शेवटी पृथ्वीसुद्धा. व्हीने हे एकदा डोळ्यांनी बघितलंय. तिच्या जागी मी असते तरी उझीवर धावून गेले असते. एनला ते माहीत नाही म्हणून तो आडवा येतो. दोघंही बरोबर आहेत आणि म्हणूनच तो सीन इतका लागतो.

रातकिडा

अवनी, हे फारच पटलं. पण मग एक शंका आहे, उझीला संपवायला निघाली ती नुसती भीतीने की त्यात थोडा आकसही होता? कारण एन मधे आल्यावर तिचा चेहरा पडतो तो मला तरी निव्वळ भीतीचा नाही वाटला.

अष्टपैलू_अवनी

दोन्ही होतं. आकस नव्हता असं मी म्हणतच नाहीये. नुसती त्यागमूर्ती करून ठेवली तर पात्र मरतं.

गंजलेला_खिळा

मी जरा वेगळं बोलू का. तुम्ही सगळे व्हीच्या मागे लागलात पण जळकी म्हणाल तर जे आहे. पहिल्याच भागात ती तुकडीची प्रमुख, एनला येताजाता नालायक ठरवणारी, आणि शेवटी त्याच्याच अंगात व्हायरस घालून त्याला मरायला सोडणारी. का तर तो कामाचा नाही म्हणून. बरं इतका निरुपयोगी आहे तर एवढा राग कशाला? वाड्यातही बघा, ती टेसाची लाडकी, बाकीच्यांवर हुकूम सोडणारी, तिला जागा जाण्याची भीती आहे सारखी. आमच्या जुन्या ऑफिसात एक सिनियर अशीच होती, कामापेक्षा कुणाचं नाव साहेबांनी घेतलं यावर तिचा दिवस ठरायचा, जे बोलायला लागली की मला तीच आठवते. एनवर सगळ्यांचा जीव आहे आणि त्याने त्यासाठी काहीच केलेलं नाही, हे जेला कधीच पचत नाही. आणि सातव्या भागात कळतं की टेसाचं कातडं पांघरून सिनच फिरतेय, तरी जे तिच्याच बाजूला! व्ही प्रेमासाठी दूर गेली, जे पदासाठी चिकटून राहिली. वैरीण म्हणून मला जे जास्त खरी वाटते.

डॉलला यात धरू नका मात्र. तिचा सूड आहे, मत्सर नाही. आईबाप डोळ्यांसमोर मेलेत तिच्या, प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीत, जे झालं त्याची मुळं तिथे आहेत.

काजळमाया

खिळा, जेचं मान्य. पण एक कुणी बोललंच नाही, उझी! सुरुवातीला एनला व्ही आवडते म्हटल्यावर उझीचं तोंड बघितलंय का कुणी? दोघींमधे आधी ठिणगी हिच्याकडून पडते. व्ही दिसली की हिचा आवाज चढतो. त्रिकोण असेल तर त्याच्या तिन्ही बाजू मोजा ना, एकट्या व्हीला का बदनाम करायचं.

शेवगा

उशिरा आलो पण राहवलं नाही. मी ही मालिका येत होती तेव्हापासून बघतोय. पायलट, म्हणजे पहिला भाग, २९ ऑक्टोबर २०२१ ला आला, दुसऱ्या भागासाठी पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला, हे तुम्ही सलग बघणाऱ्यांना जाणवणार नाही. भागांमधल्या त्या मोठमोठ्या खंडांमधे लोकांनी व्हीला खलनायिका करून टाकलं होतं, कारण हातात तेवढंच होतं, एक वेडगळ हसणारी मारेकरी आणि एनचं एकतर्फी प्रेम. पाचवा भाग येईपर्यंत मतं घट्ट झाली होती. म्हणून तुला अजून त्या कमेंट दिसतात रातकिडा, त्या जुन्या समजुतीच्या आहेत, क्लिप फिरतात आणि समजूतही फिरते.

आणि सहावा भाग. खाली लॅबमधे ते डायनासोरसारखे सेंटिनल, म्हणजे पहारेकरी रोबो, मागे लागलेत, तिघं लिफ्टपाशी, आणि व्ही त्या दोघांना खाली पाठवून स्वतः मागे थांबते. एनला आणि उझीला. दोघांना! नुसत्या एनला वाचवायचं असतं तर उझीला मागे ठेवायची संधी तिच्याकडे होती, कुणी बोट दाखवलं नसतं. तिथे मी हमसून रडलोय, सांगायला लाज नाही. पुढचा भाग यायला २०२४ उजाडलं, तोवर आम्ही सगळे ती गेली असंच धरून चाललो होतो, आणि २३ ऑगस्टला शेवटच्या भागात ती त्याच सेंटिनलवर बसून परत आली तेव्हा मी रात्री घरात ओरडलो, बायको उठून बाहेर आली काय झालं म्हणून.

अवनीने लिहिलंय त्यात एवढंच जोडतो की चौथ्या ते सहाव्या भागात व्ही आणि उझीचं आपसातलं नातं बघा, एनला बाजूला ठेवून. आधी मारायला निघालेली, मग नाइलाजाने एकत्र, टोमणे मारत मारत काम करणाऱ्या, आणि मग ती लिफ्ट. मत्सर असा एका क्षणात संपत नाही, पण एनला जे देता आलं नाही ते ही देतेय हे तिने डोळ्यांनी बघितलं, आणि मला वाटतं तिथे तिने उझीला स्वीकारलं. एनसाठी नव्हे, उझी म्हणूनच.

रातकिडा

शेवगा दादा, दोघांना हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आज परत चौथा आणि सहावा लागोपाठ लावतो, मधला पाचवा वगळून नाही, तोही बघणार. काजळमाया, उझीचं तोंड कुठल्या सीनला म्हणतेयस तो सांग, तिथपासूनच सुरुवात करतो.

काजळमाया

पहिलाच भाग, एन त्याच्या तुकडीची ओळख करून देतो तो सीन. जेचंही तिथेच कळतं, खिळ्याने सांगितलंय ते डोक्यात ठेवून बघ.