१० बाय १२ ची बेडरूम, मधोमध पंखा: प्रोजेक्टर नेमका कुठे लावायचा?

मुलुंडकर_७

नमस्कार मंडळी. वन बीएचकेतल्या बेडरूममध्ये प्रोजेक्टर लावायचा आहे. खोली १० बाय १२ फूट, स्लॅब साडेनऊ फुटांवर, पंखा बरोबर मधोमध. चित्र पाडायचं ती १० फुटी भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. तिच्या एका टोकाला दार, चौकट सोडली तर ८७ इंच भिंत मोकळी उरते. समोरच्या १० फुटी भिंतीला पलंगाची उशाकडची बाजू टेकलेली. लांब भिंतींपैकी एकीत पश्चिमेची सरकती खिडकी, दुसरीला चकचकीत सनमायकाचं कपाट.

दुकानात सगळे '१०० इंच घ्या, स्लॅबला टांगा' म्हणतात. किती मोठा पडदा घ्यावा, मशीन कुठे बसवावं आणि पडदाच हवा की भिंत रंगवून भागेल? बघणं बहुतेक रात्रीचं. क्रिकेट असेल तेव्हा दुपारी.

लेन्सवाला

मशीन घेण्याआधी पंखा मोजा. मुंबईच्या खोलीत प्रोजेक्टरची जागा पंखाच ठरवतो, आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षात येते ती खोकं उघडल्यावर.

नेहमीचा पंखा १२०० मिमीचा, म्हणजे पात्यांच्या फिरण्याचा व्यास ४ फुटांचा. तुमचा पंखा पडद्याच्या भिंतीपासून ६ फुटांवर आहे, म्हणजे ४ ते ८ फूट हा सगळा पट्टा पात्यांचा. आता १०० इंची चित्राची रुंदी ८७.२ इंच. बाजारातल्या बऱ्याच एलईडी मशीनचा थ्रो रेशो १.२ ते १.४ असतो. थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. १.२५ धरला तर मशीन पडद्यापासून १०९ इंचांवर, म्हणजे ९ फुटांवर येतं. तिथून स्लॅबखालून सोडलेला झोत पात्यांमधूनच जाणार आणि पंखा सुरू झाला की चित्र लुकलुकणार. ८४ इंची चित्रासाठी तेच अंतर साडेसात फूट होतं, मग तर मशीन थेट पात्यांच्या घेरातच येतं. दांडी लांब करून मशीन पात्यांच्या खाली सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

शिवाय १०० इंच तुमच्या भिंतीवर बसतच नाही. मोकळी भिंत ८७ इंच आणि नुसतं चित्रच ८७.२. काळी कड, पडद्याची पेटी यांना जागाच उरत नाही. ८४ इंच घ्या. चित्र ७३.२ इंच रुंद, ४१.२ इंच उंच. खाली ओढायच्या पडद्याची पेटी चित्रापेक्षा साधारण १० ते १२ इंच लांब असते, म्हणजे ८५ इंचांपर्यंत जाते. कंपनीचा पेटीच्या लांबीचा आकडा बघूनच मागवा. पलंगावर टेकून बसलं की डोळे पडद्यापासून साडेदहा फुटांवर येतात. तिथून ८४ इंच सुमारे ३२ अंशांत दिसतं. सिनेमासाठी ३० ते ४० अंश चांगले मानतात, तेव्हा आकार लहान पडणार नाही.

मशीनची जागा: उशाकडच्या भिंतीवर फळी, आणि फळीच्या खाली मशीन उलटं टांगलेलं. हे 'उलटं' फार महत्त्वाचं आहे. बहुतेक डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपचं) मशीन सरळ ठेवलं की चित्र लेन्सच्या पातळीपासून वर चढतं. उंच फळीवर सरळ ठेवलं तर चित्र स्लॅबकडे जातं. मग लोक मशीन खाली झुकवतात, चित्र समलंब होतं आणि ते कीस्टोनने चौकोनी करतात. कीस्टोन लेन्स हलवत नाही. तो चिपवरचे पिक्सेल काळे करून उरलेल्यांत चित्र कोंबतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा मऊ पडतात आणि उजेडही वाया जातो. उलटं टांगून मेनूत 'फ्रंट सीलिंग' निवडलं की चित्र आपोआप लेन्सच्या खाली उतरतं, कीस्टोन शून्यावर राहतो.

आकडे असे बसतात. चित्राची खालची कड जमिनीपासून ३६ इंच, वरची ७७. ऑफसेट (चित्र लेन्सच्या पातळीपासून किती सरकतं त्याचं माप) ११० टक्के असेल तर लेन्स वरच्या कडेच्या सुमारे ४ इंच वर, म्हणजे ८१ इंचांवर. पंख्याची पाती साधारण १०० इंचांवर असतात, झोत त्यांच्या खालून निघून जातो. पलंगावर बसलेल्याचं डोकं ५५ इंचांच्या आत राहतं, तेही मध्ये येत नाही. आणि हो, लेन्स पडद्याच्या मध्यावर धरा, खोलीच्या नाही. दारामुळे तुमचा पडदा एका बाजूला सरकलेला आहे.

आता अंतर. १४४ इंचांतून मशीनची खोली आणि मागच्या वायरीचं वळण मिळून १३ इंच, पडद्याच्या पेटीचे ३ इंच वजा करा. उरले १२८. १२८ भागिले ७३.२ म्हणजे १.७५. तेव्हा असं मशीन शोधा ज्याच्या झूम लेन्सच्या पल्ल्यात १.७५ येतं, उदाहरणार्थ १.४ ते २.१. तेवढ्याच अंतरावरून १.२५ चं ठरावीक लेन्सवालं मशीन १०२ इंच रुंद चित्र पाडेल, ते दारावर जाईल. डिजिटल झूमने ते ७३ वर आणलं तर १९२० पैकी जेमतेम १३८० पिक्सेल कामाला राहतात आणि उजेड निम्मा होतो.

पैसे देण्याआधी एक संध्याकाळ हे करा. भिंतीवर ७३ बाय ४१ इंचांचा वर्तमानपत्राचा चौकोन चिकटपट्टीने लावा. फळीच्या जागी खिळा किंवा हुक, त्यापासून चौकोनाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणा. पंखा बंद ठेवून पातं हाताने फिरवा, दार उघडझाप करा, कपाटाचं पल्लं पूर्ण उघडा. ज्या सुतळीला काही लागेल, तिथे सावली पडणार.

तारतंत्र

वरच्या मोजमापाशी पूर्ण सहमत. टांगणी आणि वायरिंगचं मी सांगतो.

उशाच्या वर ३-४ किलोचं मशीन लटकणार आहे, तेव्हा इथे काटकसर नको. आधी भिंत वाजवून बघा. ड्रिलच्या मुठीने किंवा नाण्याने टकटक करा. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर प्लास्टर सुटलेलं आहे, तिथे गिट्टी (स्क्रूचा प्लग) धरत नाही. वीट असेल तर ८ मिमीचं बिट, ८ मिमीची गिट्टी आणि किमान ५० मिमीचा स्क्रू. प्लास्टरच १२ ते १५ मिमी खातं, आखूड स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये राहतो आणि सहा महिन्यांत ढिला होतो. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर पोकळीसाठी मिळतात ते वेगळे प्लग. लोखंडी ब्रॅकेट दोन, फळी १८ मिमी प्लायची, आणि मशीनला वेगळी स्टीलची सुरक्षा-तार भिंतीतल्या स्वतंत्र हुकाला. फॉल्स सीलिंगच्या पीओपीला किंवा जिप्समला काहीही टांगू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

मशीनच्या झरोक्यांभोवती एक फूट मोकळं सोडा. दिसू नये म्हणून लोक पेटीत कोंडतात, मग गरम हवा परत आत ओढली जाते, पंखा जोरात घोंगावतो आणि मशीन मध्येच बंद पडतं.

पॉवरसाठी साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं, पण ते फळीजवळच नवीन काढा, एक्स्टेंशन लोंबकळत ठेवू नका. प्रोजेक्टर, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार यांचं अर्थिंग एकाच बोर्डवरून घ्या. केबल टीव्हीच्या वायरीचं कवच आणि घरचं अर्थिंग यांत फरक असेल तर स्पीकरमध्ये गुणगुण येते, कधी एचडीएमआयच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. म्हणून एचडीएमआय नेहमी सगळे स्विच बंद करून जोडा. पोर्ट जळतात ते बऱ्याचदा चालू मशीनमध्ये वायर खुपसताना.

सेट-टॉप बॉक्स पडद्याखाली ठेवणार असाल तर भिंतीवरून फिरवून ८ ते १० मीटर वायर लागेल. १०८० च्या चित्राला चांगली जाड तांब्याची वायर १० मीटर चालते. ६० फ्रेमचं फोर-के हवं असेल तर ५ मीटरपुढे तांब्यावर भरवसा ठेवू नका, ऑप्टिकल (आत काचेचा तंतू असलेली) एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' छापलेलं असतं. पट्टीत बसवून झाल्यावर उलटी निघाली तर सगळं काम पुन्हा. त्यामुळे जमिनीवर पसरून आधी चालवून बघा, मगच केसिंग पट्टी ठोका. कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका, काच तुटते. वायर, पट्टी, सॉकेट लोहार चाळीत मिळतं, एचडीएमआय आणि ब्रॅकेट लॅमिंग्टन रोडला.

पडदा_आणि_भिंत

तुमची भिंत आतली आहे हे बरं, पण पलीकडे स्वयंपाकघर आहे. सिंकचा पाइप त्याच भिंतीत असेल तर ओल येऊ शकते. दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. प्लॅस्टिकच्या आतून थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. मग आधी प्लंबर, नंतर पडदा.

भिंत रंगवून भागतं, पण ती खरंच सपाट हवी. अंधार करून टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. करणीचे फटके, पुट्टीचे उंचवटे सगळे लांब सावल्या होऊन दिसतात. पुट्टीचे दोन हात, आधी १८० मग ३२० नंबरचा पॉलिशपेपर, प्रायमर, आणि रोलरने मॅट पांढऱ्याचे दोन हात. सॅटिन किंवा चमक असलेला रंग नको, मधोमध दिव्याचा डाग दिसतो. भोवती ३ इंच काळ्या मखमलीची पट्टी लावा, चित्राच्या कडेचा भुरका उजेड ती गिळून टाकते. चित्र तेवढ्यानेच कितीतरी गडद वाटतं.

पडदाच घ्यायचा तर मॅट व्हाइट, गेन (पडदा उजेड किती परत फेकतो त्याचं माप) १.०. तुमचं मशीन लांबून चित्र पाडणार आहे, त्यामुळे साध्या खाली ओढायच्या पडद्यावरच्या बारीक लाटा फारशा दिसणार नाहीत. शॉर्ट-थ्रो, म्हणजे जवळून चित्र पाडणाऱ्या मशीनला मात्र तीच लाट ठळक दिसते, तिथे ताणलेली फ्रेमच हवी. पडदा वर सोडताना मूठ हातातून सोडू नका, स्प्रिंग झटका देते आणि कुलूप निकामी होतं.

पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या कापडावर जूनअखेरीस काळे ठिपके येतात. आठवड्यातून एकदा दोन तास पडदा उघडून पंखा लावा, कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, आणि ओलसर हात लागला असेल त्या दिवशी गुंडाळू नका. एसीचा झोत थेट पडद्यावर येत असेल तर पडदा हलत राहतो, एसीची पट्टी (व्हेन) वर वळवा.

सनमायकाच्या कपाटाचं काहीतरी करावंच लागेल. पडद्याचा उजेड त्याच्यावर पडून परत पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी होतो. पडद्यापासूनच्या पहिल्या ३-४ फुटांत गडद, मॅट कापड सोडलं तरी पुरेसं.

मुलुंडकर_७

सर्वांचे मनापासून आभार. सुतळीचा प्रयोग केला. कपाटाचं पल्लं उघडं असताना एक कोपरा अडतो, बाकी मोकळं आहे. ल्युमेनचं, म्हणजे मशीनच्या उजेडाच्या मापाचं, गणित कळत नाही. कुठे ९००० लिहिलंय, कुठे ५००. आणि दुपारचं क्रिकेट?

लेन्सवाला

फक्त 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' ल्युमेन बघा, बाकी आकडे सोडून द्या. स्वस्त एलईडी मशीनमध्ये एकच एलसीडी काच असते. पोलरायझर अर्ध्याहून जास्त उजेड अडवतो, रंगांची जाळी उरलेल्यातला एक-तृतीयांशच सोडते. एलईडीने टाकलेल्या उजेडाचा दहावा हिस्साही लेन्समधून बाहेर येत नाही. ९००० हा आकडा फार तर आतल्या दिव्याचा असतो.

हिशेब सोपा आहे. ८४ इंची चित्र म्हणजे सुमारे २१ चौरस फूट. ल्युमेन भागिले चौरस फूट, म्हणजे फूट-लँबर्ट, पडद्यावरच्या उजळपणाचं माप. डिजिटल सिनेमागृहात १४ चं प्रमाण आहे. खऱ्या ४०० ल्युमेनला तुमच्याकडे १९ मिळतात, अंधाऱ्या खोलीत भरपूर. दुपारसाठी मात्र २५०० ते ३००० लागतील, आणि रात्री तेच मशीन इकोवर (कमी उजेडावर) टाका. पण एक लक्षात घ्या: प्रोजेक्टर काळा रंग पाडत नाही. मशीन बंद असताना पडदा जेवढा उजळ दिसतो, तोच तुमचा काळा. पश्चिमेची खिडकी दुपारी उघडी राहिली तर कितीही ल्युमेन घ्या, मैदान फिकंच दिसणार. अस्तराचा ब्लॅकआउट पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा वर ६ इंच, दोन्ही बाजूंना ८ इंच जास्त घ्या. उजेड कापडातून येत नाही, कडेच्या फटींतून येतो.

'फोर-के सपोर्ट' लिहिलेल्या मशीनचं नेटिव्ह रिझोल्यूशन (चिपवर खरे पिक्सेल किती) विचारा. १९२० बाय १०८० पेक्षा कमी घेऊ नका.

तारतंत्र

अँड्रॉइडवाली बरीच मशीन नेटफ्लिक्सकडून प्रमाणित नसतात, अ‍ॅप चालतच नाही किंवा चित्र ४८० वर अडकतं. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा, पण तिला मशीनच्या यूएसबीतून वीज देऊ नका. ती बहुधा अर्ध्या अँपिअरची असते, स्टिक मध्येच रीस्टार्ट होते. तिचाच अ‍ॅडॅप्टर फळीजवळच्या सॉकेटमध्ये.

आवाज ब्लूटूथवर नको, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. मशीनला एआरसी (एचडीएमआयमधून आवाज बाहेर देण्याची सोय) असेल तर एचडीएमआयने साउंडबारला, नसेल तर साधी ३.५ मिमीची ऑडिओ वायर त्याच पट्टीतून पडद्याकडे सोडा. पट्टी त्या हिशेबाने एक माप मोठी घ्या. आवाज पडद्याकडूनच यायला हवा. उशामागून येणारे संवाद कानाला खटकतात.

भाडेकरू_ठाणे

भोकं पाडायला परवानगी नसेल तर?

लेन्सवाला

पलंगामागे, पडद्याच्या मध्यासमोर, भिंतीला खेटून अरुंद उभी मांडणी, आणि तिच्या वरच्या फळीखाली मशीन उलटं स्क्रूने. फळी १८ मिमीची हवी, नाहीतर वाकते. मांडणीच्या तळाला वजन ठेवा आणि ती पलंगाला लागू देऊ नका, म्हणजे कूस बदलल्यावर चित्र हलणार नाही. पडद्यासाठी तीन पायांचा स्टँड मिळतो. कुठल्याही परिस्थितीत तो पंख्याच्या वाऱ्यात उभा राहील, तेव्हा खालच्या दांडीला दोन्ही टोकांना पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बांधा.