सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह : बसवल्याचे, वापरल्याचे अनुभव इथे लिहा

रामबागवाला
परवा लेकीचा कॉम्प्युटर जुळवायला इथे इंदूरला सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो होतो. प्रोसेसर, रॅम सगळं ठरलं. कॅबिनेट बघताना विचारलं, डीव्हीडी रायटर कुठे बसणार? दुकानातला मुलगा म्हणाला, "अंकल, अब इसमें वो खाना ही नहीं आता." पुढे सगळी जाळी, आत पंखे. सव्वापाच इंची कप्पाच नाही.

तेव्हापासून आमचा पहिला सीडी ड्राइव्ह आठवतोय. २००० च्या आसपास बाबांनी दिवाळीत घेऊन दिला होता. बसवून द्यायचे वेगळे पैसे सांगितले म्हणून आम्हीच बसवला. कॅबिनेट सतरंजीवर आडवा. पुढची प्लास्टिकची पट्टी आतून ढकलून काढली तर मागे पत्र्याची आणखी एक. ती पुढे-मागे वाकवून मोडायची, कडा ब्लेडसारखी. मग ड्राइव्ह पुढून आत सरकवायचा आणि मागे तीन जोडण्या करायच्या : ४० पिनांची रुंद पट्टी, चार तारांचा पॉवरचा प्लग, आणि साउंड कार्डाकडे जाणारी बारीक ऑडिओची वायर. पट्टीची लाल कड पॉवरच्या बाजूला. हार्ड डिस्क प्रायमरीवर, म्हणजे मदरबोर्डच्या पहिल्या जोडणीवर होती म्हणून याला सेकंडरी, म्हणजे दुसऱ्या जोडणीची केबल वेगळी दिली आणि जंपर (ड्राइव्हमागच्या पिनांवरची बारीक टोपी) मास्टरवर, म्हणजे त्या केबलवरचा मुख्य ड्राइव्ह म्हणून ठेवला.

त्या ड्राइव्हला पुढे हेडफोनचं भोक होतं, आवाजाची चक्री होती आणि प्लेचं बटण. विंडोज चालू व्हायची वाटच बघावी लागायची नाही. बाबा संध्याकाळी मॉनिटर न लावता नुसता कॅबिनेट चालू करायचे, अभंगांची सीडी आत टाकायचे आणि हेडफोन लावून बसायचे. आई हाका मारून थकायची.

यंत्र उघडायची भीती माझी त्या सतरंजीवर गेली. लेकीचं मशीन आम्ही दोघं मिळून जुळवणार आहोत, पण त्यात हे एक काम नसेल याचं वाईट वाटतंय. तुमच्याकडचं लिहा. घरात डिस्क पडून असतील तर त्यांचं काय केलंत तेही लिहा.

स्क्रूड्रायव्हर
रामबागवाले, ऑडिओची वायर आठवल्याबद्दल नमस्कार. मी दहा-बारा वर्षं रिपेअरिंग केलं. "सीडी चालते, फाइली दिसतात, पण गाणं ऐकू येत नाही" असं कोणी सांगितलं की न बघता कळायचं, ती वायर लावलेली नाही. पुढे विंडोज आवाज डिजिटल पद्धतीने डेटा केबलमधूनच घ्यायला लागलं आणि वायर बाद झाली.

दुसरं, स्क्रू. सीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचे लागतात, हार्ड डिस्कला जाड आट्यांचे. पाकिटात दोन्ही एकत्र यायचे. जाड स्क्रू जोर लावून पिळला की ड्राइव्हच्या पत्र्यातले आटे गेलेच. मग ड्राइव्ह आयुष्यभर थरथरतो.

छप्पन_दुकान
आमच्याकडे ५२ एक्स होता, म्हणजे गाण्याच्या सीडीच्या ५२ पट वेगाचा. सीडी टाकली की शेजारचे विचारायचे मिक्सर चालू आहे का 😀

सुदामानगरची_आई
मी बसवला नाही पण वापरला भरपूर. लेकाच्या शाळेच्या गॅदरिंगची डीव्हीडी सगळ्या आयांना वाटायची जबाबदारी माझ्यावर होती. नीरो (डिस्क लिहायचा प्रोग्रॅम) लावून एकेक डिस्क. आपल्याकडे तेव्हा लाइट किती जायची आठवतंय ना सगळ्यांना, ९५ टक्क्यांवर आली की नेमकी गुल. ती डिस्क मग कशाच्या कामाची नाही, पुन्हा लिहिताही येत नाही. शेवटी रात्री जेवणं झाल्यावर ८ एक्सवर लिहायचे, सावकाश, आणि कोणाला माऊसला हात लावू द्यायचे नाही. कुकरची शिट्टी झाली, येते नंतर

लष्कर_ग्वाल्हेर
आमच्याकडे डिस्क आत फुटली होती. मधल्या गोलाला आधीच बारीक चीर होती, दादाला दिसली नाही. ५२ एक्सला डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. असा आवाज झाला की आजी देवघरातून धावत आली. ट्रेचं पुढचं झाकण निखळून लोंबत होतं. ड्राइव्ह उघडला तर आत चुरा, लेन्सवर ओरखडे. तेव्हापासून डिस्क आत टाकण्याआधी उजेडात धरून मधला गोल बघायची सवय लागली, आता भाच्यालाही लावली आहे.

छप्पन_दुकान
बापरे. कोणाला लागलं नाही ना

लष्कर_ग्वाल्हेर
नाही, देवाची कृपा. दादा तोपर्यंत समोरून उठून पाणी प्यायला गेला होता.

दांडियाबाजार
बडोद्याहून हजेरी. माझी मावशी अमेरिकेतून मुलांसाठी डीव्हीड्या घेऊन आली, एकही चालेना. डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी याचे नंबर ठरलेले असतात, त्याला रीजन म्हणतात; तिकडचा रीजन १, आपला ५. ड्राइव्हमध्ये रीजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. आम्ही भाऊ-बहीण एक बदल खर्च करायचा की नाही यावर भांडलो होतो. शेवटी बाबांनी सांगितलं, मावशी इतक्या लांबून प्रेमाने घेऊन आली आहे, बदला. बदलला. त्या सुट्टीत सगळ्या डिस्क बघून झाल्या.

नऊ_ते_सात
ऑफिसातून पटकन. उबुंटूच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) फुकट सीड्या कोणी मागवल्या होत्या का? पत्ता भरला की पोस्टाने घरी यायच्या, एक पैसा लागायचा नाही. २०११ मध्ये ते बंद केलं. पोस्टमनकाकांना वाटायचं मला परदेशातून नोकरी आली. बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाची मूळ सेटिंग) जाऊन बूटच्या, म्हणजे कशावरून चालू व्हायचं त्या यादीत सीडी वर आणायची हे मी त्या सीडीपायी शिकलो आणि आज त्याच क्षेत्रात पोटापाण्याला लागलो आहे.

माळव्यातली
आम्ही ग्रंथालयातून मासिकाबरोबरच्या सीड्या आणायचो. मासिक परत द्यायचं, सीडी तेवढी कॉपी करून घ्यायची. एन्कार्टा, म्हणजे सीडीवरचा ज्ञानकोश, तो पण बघायचो, त्यातला पृथ्वीचा गोल फिरवायला मारामारी.
अवांतर : सिल्व्हर मॉलला हल्ली पार्किंग मिळतं का? मला प्रिंटर दाखवायचा आहे

छप्पन_दुकान
दुपारी बाराच्या आत जा ताई. येताना पोहे-जिलेबी आमच्याकडून.

माळव्यातली
हो भिया, शेव जास्त घालायची पण

जुनी_इंदूर
मला सल्ला हवा आहे. सासऱ्यांचा सीटी स्कॅन झाला, फिल्मबरोबर सीडी दिली. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला नेली तर त्यांच्या कॉम्प्युटरलाही ड्राइव्ह नाही, माझ्या लॅपटॉपलाही नाही. दोघं तिघं धावपळ करतोय.

स्क्रूड्रायव्हर
काळजी करू नका ताई. यूएसबीवाला पातळ डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, लॅपटॉपला लावा. त्याला दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं लावा, कारण यूएसबी २.० चा एक पोर्ट अर्धा अँपिअरच देतो आणि डिस्क फिरायला सुरुवात होताना ड्राइव्हला जास्त करंट लागतो. एकाच तोंडावर नुसता टिक टिक आवाज येतो, लोकांना वाटतं ड्राइव्ह खराब आहे. सीडी उघडली की सगळंच्या सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, एकेक चित्र नाही. त्यातच बघायचा प्रोग्रॅम असतो बहुतेक वेळा. सासऱ्यांना आराम पडो.

सुदामानगरची_आई
जुनी_इंदूर, माझ्याकडे तसला ड्राइव्ह आहे, सुदामानगरला येऊन घेऊन जा, संकोच नको. मेसेज करते.

जुनी_इंदूर
खूप खूप आभार ताई 🙏 संध्याकाळी मिस्टर येतील

रामबागवाला
वाचून बरं वाटलं. डिस्क ठेवण्याबद्दल एक लिहायचं राहिलं. लोक चमकणारी बाजू जपतात आणि नावाची बाजू खाली ठेवतात. सीडीत नेमकं उलट आहे. माहितीचा थर वरच्या, नावाच्या बाजूला लाखेच्या पातळ थराखाली असतो. खालून जाड प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा घासून गुळगुळीत करता येतो. वरून बॉलपेनने टोचून लिहिलं किंवा स्टिकर उपटलं की थरच निघून येतो, त्याला उपाय नाही. डीव्हीडीत थर दोन पातळ चकत्यांच्या मधे असतो, ती जरा बरी. बाबांच्या आवाजातली गीतेची पंधराव्या अध्यायाची सीडी होती, तिच्यावर कोणीतरी हौसेने गोल स्टिकर लावलेलं. ते मी काढलं नाही, तसंच ठेवून कॉपी केली. झाली.

माळव्यातली
पंधरावा अध्याय म्हटल्यावर एकदम भरून आलं. आमचे अप्पाही जेवणाआधी म्हणायचे. ऐकवाल का कधी

लष्कर_ग्वाल्हेर
उन्हातली डिस्क पण जाते. घरी लिहिलेली म्हणजे सीडी-आर हं, त्यात रंगाचा थर असतो तो उन्हाने विटतो. कंपनीत छापलेली तशी नाही जात.

नऊ_ते_सात
मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत सिनेमाच्या व्हीसीड्या (व्हिडिओ सीड्या) काढल्या होत्या, त्या छापलेल्या. आमच्या घरच्या अजून चालतात सगळ्या

दांडियाबाजार
आमच्या गल्लीत कबुतरं घालवायला गच्चीत टांगल्या आहेत. कबुतरं त्यांच्याच शेजारी बसतात 😂

पाटनीपुरा
सगळं वाचलं नाही, विचारून घेतो. माझा जुना डीव्हीडी रायटर ट्रे बाहेर काढत नाही. बटण दाबलं की घुर्र आवाज येतो आणि थांबतो. आत लग्नाची डिस्क आहे. बायको रोज विचारते.

स्क्रूड्रायव्हर
आतला रबरी पट्टा सैल झाला. मोटर फिरते, पट्टा घसरतो. आधी डिस्क काढा : कॉम्प्युटर बंद, प्लग भिंतीतून काढलेला. ट्रेच्या पुढे बारीक भोक दिसेल. जेमक्लिप सरळ करून सरळ आत ढकला, वाकडीतिकडी नाही, जरा दाब लागेल. ट्रे बोटभर बाहेर येईल, पुढे हाताने ओढा.
डिस्क निघाली की आधी दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमध्ये कॉपी करून घ्या, मग पट्ट्याचं बघू. पट्टा जेल रोडला मिळून जाईल, जुना बरोबर न्या, मापाला लागतो. तोपर्यंत पट्टा काढून गरम पाण्यात दोन मिनिटं टाकून पुसून लावला तर काही दिवस पकडतो.

पाटनीपुरा
निघाली!! जेमक्लिप नव्हती, हिच्या केसातल्या पिनेने काढली. पिनेचं टोक गोल होतं म्हणून चाललं. डिस्कवर नुसती धूळ आहे, कशाने पुसू?

स्क्रूड्रायव्हर
मऊ सुती कापडाने, मधून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका.